रिपोर्टातले आणि संगणकातले शब्द: ओळखीचे वाटतात तेच जास्त घात करतात

म्हादईकाठ

गोव्यातल्या सत्तरी भागात आरोग्यसेवेचं काम करते. दिवसभर लोक हातात कागद घेऊन येतात आणि विचारतात, "बाय, हें कितें बरयलां?" आताशा कागदासोबत फोनही पुढे येतो, कारण रिपोर्ट फोनवर येतात, अपॉइंटमेंट फोनवर असते. त्यामुळे वैद्यकाचे आणि संगणकाचे असे दोन्हीकडचे शब्द एकाच माणसाला एकाच वेळी सोडवावे लागतात.

माझं निरीक्षण असं की 'हायपरलिपिडेमिया'सारखा अगडबंब शब्द कुणाला फसवत नाही. तो कळलाच नाही हे माणसाला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो विचारतो. फसवतात ते 'पॉझिटिव्ह', 'फेल्युअर', 'अ‍ॅक्यूट', 'स्टेबल' असे रोजच्या बोलण्यातले शब्द. माणूस नेहमीचा अर्थ लावून घरी जातो आणि विचारतच नाही.

तुमच्या पाहण्यातले असे शब्द इथे लिहा. एकच विनंती: नुसता मराठी प्रतिशब्द नको. कागदावर किंवा पडद्यावर तो शब्द दिसला तर माणसानं काय करायचं, ते लिहा. मला तरी शब्दाचा अर्थ म्हणजे तेवढाच वाटतो.

सुरुवात मी करते. तीन गोष्टी लोक एकच समजतात:

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडलं असं नाही. शरीराला हवं तेवढं रक्त ते पुढे ढकलू शकत नाही. अशी माणसं औषधांवर वर्षानुवर्षं जगतात. मीठ कमी, रोज सकाळी वजन, अचानक वजन वाढलं किंवा पाय सुजले तर डॉक्टरांना कळवायचं.

हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबली. माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, बोलतो, "गॅस झालाय" असंही म्हणतो. वेळ न घालवता १०८ ला फोन.

कार्डियाक अरेस्ट म्हणजे हृदयाचं काम खरोखरच थांबलं. माणूस कोसळतो, हाकेला ओ देत नाही. १०८ ला फोन आणि त्याच क्षणी छातीवर दाब देणं सुरू.

बांबोळी_वॉर्ड

उत्तम धागा. हृदयाचाच विषय निघालाय तर इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टातली 'इजेक्शन फ्रॅक्शन' घ्या. समोर ६०% लिहिलेलं असतं आणि घरचे रडायला लागतात: "डॉक्टर, चाळीस टक्के हृदय गेलं?"

गेलेलं काही नसतं. डावा कप्पा रक्तानं भरतो, त्यातलं किती टक्के एका ठोक्याला बाहेर पडतं, तो हा आकडा. निरोगी हृदयही पूर्ण रिकामं होत नाही. साधारण ५५ ते ७० म्हणजे ठीक. १०० कुणाचेच नसतात. शाळेतल्या टक्क्यांची सवय इथे आड येते. ४० च्या खाली आकडा असेल तर मात्र औषधं चुकवायची नाहीत.

दुसरं, ईसीजीवरचं 'नॉर्मल सायनस रिदम'. ते वाचून सर्दीच्या गोळ्या मागणारे येतात. नाकाच्या सायनसचा इथे काही संबंध नाही. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड म्हणून एक छोटी जागा असते, ठोक्याचा हुकूम तिथून निघतो. तिथूनच निघतोय, वेळेवर निघतोय, एवढंच ते वाक्य सांगतं. ही चांगली बातमी आहे.

केपेंची_शामा

बांबोळी_वॉर्ड, सायनसचं वाचून जीव भांड्यात पडला! आमच्या आत्यानं त्या एका शब्दापायी थंडीभर वाफारे घेतले.

म्हापशाचा_फार्मासिस्ट

माझ्या काउंटरवरची गोष्ट. चिठ्ठीत 'एसओएस' लिहिलेलं असतं. लोकांना वाटतं, जहाज बुडताना पाठवतात तो संदेश, म्हणजे गोळी तातडीची. आणि दुखो न दुखो, ती आधी घेतात. ते लॅटिनातून आलंय, अर्थ 'गरज पडली तरच'. म्हणजे माणूस करतो ते बरोबर उलटं.

'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, 'बीडी' म्हणजे दोनदा, 'टीडीएस' म्हणजे तीनदा, 'एचएस' म्हणजे झोपताना. आता गंमत बघा, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर 'ओडी' म्हणजे उजवा डोळा आणि 'ओएस' म्हणजे डावा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांना थेंब दिवसातून चारदा, उजव्या डोळ्यात घालायचे होते. घरच्यांनी 'ओडी' पाहून दिवसातून एकदाच घातले. लिहिणारा चुकला नव्हता, वाचणारेही शहाणेच होते. शेजारच्या गल्लीतला अर्थ या गल्लीत लावला गेला.

मी आता प्रत्येक पाकिटावर मार्करनं काढतो: अर्धा सूर्य सकाळ, पूर्ण सूर्य दुपार, चंद्रकोर रात्र. जेवणाआधी असेल तर रिकामं ताट, नंतर असेल तर भरलेलं. बिहारहून आलेला कामगार असो की पोर्तुगीज शिकलेली म्हातारी, कुणी परत येऊन विचारत नाही.

वेर्णेचा_कोडर

संगणकाच्या बाजूनं लिहितो. इथे धोका जास्त आहे असं माझं मत आहे. डॉक्टर समोर बसलेला असतो, फोनवर समोर कुणीच नसतं. 'ओके' दाबलं की संपलं.

पहिला शब्द 'सिंक'. लोक त्याला बॅकअप समजतात. माझ्या मावशीनं फोन भरला म्हणून त्यातले फोटो उडवले. "क्लाउडवर आहेत की!" म्हणाली. पण सिंक हा आरसा आहे, इथलं गेलं की तिथलंही गेलं. नातीच्या बारशाचे फोटो होते. नशीब, कचरापेटीत काही दिवस राहतात, म्हणून मिळाले. बॅकअप म्हणजे वेगळी ठेवलेली प्रत, मूळ खोडलं तरी जी शाबूत राहते. काय करायचं: खोडण्यापूर्वी तेच फोटो दुसऱ्या कुठल्यातरी डिस्कवर उघडून बघायचे. उघडले तरच खोडायचे.

दुसरं चिन्ह आहे, शब्द नाही: ब्राउझरमधलं कुलूप. कुलूप दिसलं की साइट सज्जन, असा सार्वत्रिक समज. कुलपाचा अर्थ इतकाच की तुमच्या आणि त्या साइटच्या मधल्या वाटेवर कुणी वाचू शकत नाही. पलीकडे भामटा बसला असेल तर तुमचा पासवर्ड त्याच्याकडे अगदी सुरक्षितपणे पोचतो. हा गैरसमज इतका घट्ट होता की २०२३ मध्ये क्रोमनं पत्त्याच्या पट्टीतलं कुलूपच काढून टाकलं. काय करायचं: पत्ता अक्षर न् अक्षर वाचायचा आणि बँकेची साइट कधीही मेसेजमधल्या लिंकवरून उघडायची नाही.

काणकोणकर

+१. आणि यूपीआयचा पिन. पैसे *येण्यासाठी* पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. आमच्या बाजारात मासे विकणाऱ्या बायांना हे एवढं एक वाक्य पाठ करून दिलंय.

मराठी_शाळा_पेडणे

सगळ्यांचं वाचलं. पण मूळ दुखण्याला कुणी हात लावत नाही. शब्द परके आहेत म्हणून हे होतं. 'अँटिबायोटिक'ला प्रतिजैविक, 'व्हायरस'ला विषाणू, 'बॅक्टेरिया'ला जीवाणू हे शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांत कधीचे रुळलेत. माझ्या सातवीतल्या मुलांना विषाणू आणि जीवाणू यांतला फरक बिनचूक सांगता येतो, आणि त्यांच्या आईबापांना मात्र व्हायरल तापावर प्रतिजैविकं हवी असतात! विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. शब्द आपला असता तर इतका गोंधळ झाला नसता.

फोंडेकरीण

गुरुजी, आदर राखून असहमत. आमच्या सासूबाईंना 'मधुमेह' म्हटलं तर कळत नाही, 'डायबिटीस' कळतो, आणि 'गोडेंमूत' म्हटलं की लगेच कळतं. तुमचा विषाणू पुस्तकात राहतो, ताप आमच्या घरात येतो. गोव्यात पेशंट कोंकणीत सांगतो, मराठीत वाचतो, आणि रिपोर्ट इंग्रजीत घेतो. कुठला शब्द आपला म्हणायचा?

शिवाय मराठी शब्दही फसवतात. 'स्थिर' घ्या. आयसीयूच्या दारात सांगितलं "पेशंट स्थिर आहे", तर आमच्या घरी सगळ्यांनी "बरं वाटतंय" असा अर्थ घेतला. स्थिर म्हणजे आहे त्यापेक्षा बिघडत नाहीये, बस. गंभीर असूनही स्थिर असू शकतो.

मराठी_शाळा_पेडणे

'स्थिर'चं उदाहरण चपखल आहे, मान्य. तरीही मुलांना आपल्या भाषेत विज्ञान शिकवायचं मी सोडणार नाही. ते तसं शिकलं तर मोठेपणी डॉक्टरला प्रश्न विचारायचा धीर येतो.

फोंडेकरीण

ह्या वाक्याला दहा गुण, गुरुजी.

जुनें_गोंय

थोडं अवांतर, पण गोव्याचं आहे म्हणून लिहितो. परदेशी वैद्यकानं आपला शब्द उचलल्याचं इथलंच उदाहरण आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि अखेरपर्यंत इथेच राहिला. औषधी वनस्पतींवरचं त्याचं संवादरूपी पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्यात त्यानं पटकीचं (कॉलऱ्याचं) वर्णन केलंय, आणि रोगाचं नाव दिलंय इथल्या लोकांच्या तोंडचं: मोडशी. पोर्तुगीजांनी त्याचं 'मोर्देशिं' केलं. पुढे फ्रेंचांच्या कानांनी त्यात 'मोर द शियँ' ऐकलं, म्हणजे कुत्र्याचं मरण! आजी पोट बिघडलं की "मोडशी झाली" म्हणायची, तो शब्द हा.

ओळखीचा ध्वनी ऐकून भलता अर्थ लावायची खोड तेव्हाची आहे. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला याच वैद्याचं नाव होतं.

केपेंची_शामा

पणजीवरून आठवलं, जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारियांचा पुतळाही शब्दांचाच मामला आहे. गोव्यातल्या कांदोळीचा, संमोहनावर काम करणारा माणूस. संमोहनात गुंगवणाऱ्याच्या अंगात कसली शक्ती नसते, सगळं घडतं ते गुंगणाऱ्याच्या मनात, हे त्यांनी पॅरिसमध्ये ठासून सांगितलं. 'हिप्नॉटिझम' हा शब्द रुळला तो त्यांच्या मृत्यूनंतर. अवांतर थांबवते.

म्हादईकाठ

असलं अवांतर चालेल! पण रोगांच्या नावांवर आलोच आहोत तर आमच्या भागातला शब्द सांगते: माकडताप.

हा क्यासनूरचा ताप. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात १९५७ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेला, आणि गेल्या दशकात सत्तरीतही आला. नाव माकडाचं, म्हणून लोक माकडाला भितात, हाकलतात. पण माणसाला तो होतो गोचिडीच्या चाव्यातून. माकड बिचारं त्याच रोगानं मरतं. नावामुळे नजर वर झाडाकडे जाते, आणि धोका पायाशी पाल्यात असतो.

काय करायचं: काजूच्या दिवसांत बागेत जाताना अंगभर कपडे, गोचीड दूर ठेवणारं तेल, आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ आणि कपडेही गरम पाण्यात. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्रात कळवायचं. आणि ताप आला तर "मी बागेत गेलो होतो" हे डॉक्टरला आपणहून सांगायचं. या शेवटच्या वाक्यानं निदान लवकर होतं.

वेर्णेचा_कोडर

गोचिडीला तुमच्याकडे 'व्हेक्टर' म्हणतात ना? आमच्याकडे व्हेक्टर म्हणजे ओळीनं मांडलेले आकडे, आणि चित्रांच्या दुनियेत कितीही मोठं केलं तरी न फाटणारं चित्र. एकच शब्द, तीन खात्यांत तीन नोकऱ्या.

उलट 'व्हायरस' आम्ही तुमच्याकडून जाणूनबुजून घेतला. १९८३ मध्ये फ्रेड कोहेन या विद्यार्थ्यानं स्वतःची प्रत दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घुसवणारा प्रोग्रॅम करून दाखवला, आणि त्याचे प्राध्यापक लेन अ‍ॅडलमन यांनी हे नाव सुचवलं. मागोमाग 'इन्फेक्शन', 'क्वारंटाइन' सगळंच आलं. अँटिव्हायरस म्हणतो "फाइल क्वारंटाइन केली", तर लोकांना वाटतं पुसली. पुसलेली नसते, चालू शकणार नाही अशी बाजूला कोंडलेली असते. ओळखीची नसेल तर 'रिस्टोअर' दाबायचं नाही.

केपेंची_शामा

माझ्या लेकीनं विचारलं होतं, लॅपटॉपला व्हायरस झाला तर त्याच्या शेजारी बसून अभ्यास केला तर चालेल का? आज तिला हा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाली, "म्हणजे अभ्यास करावाच लागणार."

आकडेमोड

'पॉझिटिव्ह' राहून गेला, आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. चाचणीत पॉझिटिव्ह म्हणजे 'जे शोधत होतो ते सापडलं असं चाचणी म्हणते'. चांगलं की वाईट हे त्यात नाही. आणि 'रोग आहेच' हेही त्यात नाही. हा दुसरा भाग कुणी समजावून सांगत नाही, म्हणून उदाहरणादाखल आकडे घेऊन सांगतो.

समजा १००० माणसं आहेत, त्यांतल्या १० जणांना रोग आहे. चाचणी रोग्यांपैकी ९०% पकडते, म्हणजे ९ जण. निरोगी ९९० पैकी ९५% जणांना ती बरोबर सोडून देते, म्हणजे सुमारे ५० निरोगी माणसं विनाकारण पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५९, खरे रोगी ९. चाचणी वाईट नाही, रोगच विरळ आहे.

त्याच चाचणीला लक्षणं असलेल्यांच्या रांगेत बसवा, जिथे १००० पैकी ५०० जणांना खरोखर रोग आहे. आता ४५० खरे पकडले जातात आणि चुकून पॉझिटिव्ह फक्त २५. शब्द तोच, चाचणी तीच, अर्थ पार बदलला. म्हणून डॉक्टर आधी लक्षणं विचारतात, आणि म्हणून तपासणी-शिबिरातला पॉझिटिव्ह कागद घेऊन रडायचं नाही, पक्की चाचणी करून घ्यायची.

ईमेलचा स्पॅम फिल्टर याच गणितावर चालतो. नोकरीचं पत्र अधूनमधून स्पॅममध्ये सापडतं ते याचमुळे, तेव्हा तिथे डोकावत जा.

डिचोलीकर

मला हा धागाच पटलेला नाही. लोकांच्या हातात इतके अर्थ दिले की ते स्वतःच डॉक्टर होतात. रिपोर्ट हा एका डॉक्टरनं दुसऱ्याला लिहिलेला निरोप आहे, आपण मध्ये नाक का खुपसायचं? माझ्या भावानं असंच वाचून वाचून थायरॉइडची गोळी बंद केली. टीएसएच 'जास्त' आलं, म्हणजे थायरॉइड जास्त, म्हणजे गोळी नको, असा त्याचा हिशेब.

बांबोळी_वॉर्ड

डिचोलीकर, तुमचा राग रास्त आहे, पण उदाहरण धाग्याच्या बाजूनं जातं. टीएसएच हे थायरॉइडचं संप्रेरक नाहीच. मेंदूजवळची पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला "कामाला लाग" म्हणून जे सोडते ते हे. थायरॉइड मंद पडली की टीएसएच वाढतं. म्हणजे बहुतेक वेळा आकडा वर, ग्रंथी खाली. हे त्यांना गोळी सुरू करतानाच कुणीतरी सांगितलं असतं तर त्यांनी बंद केली नसती. लोक रिपोर्ट वाचणारच. आता तो आमच्याआधी त्यांच्या फोनवर पोचतो.

म्हापशाचा_फार्मासिस्ट

आणि 'रेझिस्टन्स'. पेशंट म्हणतो, "माझ्या शरीराला या अँटिबायोटिकची सवय झाली." सवय शरीराला होत नाही. शरीरातले जीवाणू त्या औषधाला दाद देईनासे होतात, आणि तेच जीवाणू घरातल्या तान्ह्या बाळाकडेही जाऊ शकतात, ज्यानं ते औषध आयुष्यात घेतलेलं नाही. काय करायचं: उरलेली पट्टी पुढच्या तापाला ठेवायची नाही, शेजाऱ्याला द्यायची नाही, आणि माझ्यासारख्याकडे चिठ्ठीशिवाय मागायची नाही. मागितलीत तरी मी देत नाही.

डिचोलीकर

टीएसएचचं भावाला वाचून दाखवतो. धागा चालू द्या.

वाडी_बोरी

नवीन आहे, पहिलाच प्रतिसाद. आईच्या पोटाच्या स्कॅनमध्ये लिव्हर, किडनी सगळ्यांपुढे 'अनरिमार्केबल' लिहिलंय. आई म्हणते, "म्हणजे काही धड नाही." आणि खाली 'क्लिनिकली कोरिलेट करा'. म्हणजे स्कॅनवाल्यांना स्वतःलाच खात्री नाही का? सकाळपासून घरात कुणी धड जेवलेलं नाही.

बांबोळी_वॉर्ड

आधी आईंना जेवायला वाढा. 'अनरिमार्केबल' म्हणजे नोंद करण्यासारखं काही आढळलं नाही, चित्रात तो अवयव ठीक दिसतोय.

'क्लिनिकली कोरिलेट करा' हे पेशंटला लिहिलेलंच नाही, पाठवणाऱ्या डॉक्टरला आहे. चित्र पाहणाऱ्यानं तुमच्या आईंना पाहिलेलं नसतं, पोट कुठे दुखतं, किती दिवस, हे त्याला ठाऊक नसतं. तो म्हणतो, मला दिसलं ते असं, आता माणसाशी जुळवून बघा. म्हणून कागद ज्यांनी लिहून दिला त्याच डॉक्टरांकडे न्या, आणि विचारा: "दुखण्याचं कारण यात सापडलं का? नसेल तर पुढे काय करायचं?" स्कॅन ठीक असूनही दुखत असेल तर ते दुखणं खरंच असतं.

वाडी_बोरी

देव बरें करूं, डॉक्टर. दोन्ही प्रश्न कागदाच्या मागे लिहून घेतले. सोमवारी ओपीडी आहे, काय सांगतात ते इथे कळवते.